एकशे वीस, ऐंशी

त्या दिवशी सकाळी आई पट्ट्याच्या आवरणांना इस्त्री करत होती. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याला ती घरी शिवलेलं सुती आवरण घालायची आणि आठवड्याच्या प्रार्थनेच्या दिवशी ते धुतलेलं, कडक इस्त्रीचं असायचं. एकाच्या घामाचा पट्टा दुसऱ्याच्या दंडाला लावायचा नाही, हा तिचा नियम. त्या सकाळी इस्त्री तिच्या हातून निसटली आणि आवरणावर तपकिरी डाग पडला. तिने तो नखाने खरवडून पाहिला, मग आवरण उलटं करून घडी घातली.

"हात झोपलाय मेला," ती म्हणाली. "कुशीवर पडले होते."

मी चहा पीत वर्तमानपत्र वाचत होते. "हं," म्हणाले.

शहरातल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आठवड्याची सुट्टी मिळाली की दोन तासांचा बसप्रवास करून आईकडे यायचे. गावातल्या आरोग्य केंद्रात ती एकोणतीस वर्षं नर्स होती. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही गाडी चालू असली तर. एरवी रोगी तपासणं, ठरावीक औषधं लिहून देणं, कुणाला शहरात पाठवायचं ते ठरवणं, सगळं तीच करायची. तसा परवाना तिच्याकडे होता, भिंतीवर चौकटीत लावलेला. पण केंद्रात माणसं यायची ती काही मोडलं, चिरलं, भाजलं की. जे दुखतच नाही त्यासाठी कोण कशाला पायपीट करेल? म्हणून माणसं जिथे आपणहून जमायची तिथे ती गेली. प्रार्थनागृहात.

सुरुवातीला फार विरोध झाला. देवाच्या दारात येऊन हाताला यंत्र लावायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असं सांगणं, असं लोकांचं म्हणणं. एका म्हातारीने तर तो पट्टा दंड आवळून आयुष्य मोजून घेतो असं सगळीकडे पसरवलं. आईने वाद घातला नाही. ती स्वतः पक्की देवाचं मानणारी. जेवणाआधी, प्रवासाआधी, एवढंच काय, इंजेक्शनच्या सुईचं टोक दिव्यापुढे धरतानाही तिचे ओठ हलायचे. पुढच्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर ती बाजूच्या लांबट खोलीत खुर्ची ओढून सगळ्यांसमोर बसली, बाही वर केली, स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला, स्वतःच फुगा दाबला आणि मोठ्याने म्हणाली, "एकशे अठरा, शहात्तर. आणि मी अजून जिवंत आहे. पुढचं कोण?"

लोक हसले. सहाजण पुढे आले.

तेव्हापासून पायंडाच पडला. आधी सिस्टरचं, मग आपलं. तिचा आकडा जाहीर झाल्याशिवाय कुणी बाही वर करायचं नाही. या पायंड्याचा भालदार म्हणजे गवंडी. धिप्पाड माणूस, आवाज छपरावरून खाली बोलायची सवय झालेला. आईने दंडावरचा पट्टा सोडला की तो दर वेळी मागून ओरडायचा, "सिस्टर, पास की नापास?"

"पास," आई म्हणायची. "आता तुमचा निकाल लावते."

त्याचा निकाल कायम वाईट. गोळी रोज घ्यायची हे त्याच्या गळी उतरवायला आईला दीड वर्ष लागलं. शेवटी तिने गोळ्यांची डबी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, ओळंब्याच्या दोरीलाच बांधून ठेवली. "सकाळी ओळंबा काढलात की आधी गोळी. गोळी चुकली तर भिंत वाकडी होणार, लिहून घ्या." भिंतीचं नाव काढल्यावर तो घाबरला. तेव्हापासून एक गोळी चुकली नाही.

त्या दिवशी प्रार्थनागृहाकडे चालत जाताना मी सहज विचारलं, "तू कधी डॉक्टरांकडून नीट तपासून घेतलंस का गं?"

"दर आठवड्याला तपासते की, चारचौघांत."

"ते नव्हे."

"माझं तो बघतो." तिने हनुवटीने वर दाखवलं. "आमची वाटणी झालीय. त्याच्या माणसांचं मी बघायचं, माझं त्याने बघायचं."

"आणि त्याने वाटणी मोडली तर?"

"तो काय तुझा मामा आहे, वाटणी मोडायला?"

मी हसले. ती पण हसली, आणि हसताना चढावर क्षणभर थांबून तिने कुंपणाचा खांब धरला. मला वाटलं, हसण्यासाठी थांबली.

त्या दिवशी खोलीत चाळीसएक माणसं असतील. टेबलावर पाऱ्याचं जुनं यंत्र उघडलेलं, शेजारी लांब वही. आईने पट्टा बांधला, फुगा हातात घेतला आणि तो तिच्या बोटांतून निसटून टेबलाखाली गेला. तिने उचलला. पुन्हा निसटला.

"आज तू घे गं माझं," ती मला म्हणाली. "शिकवलंय ना तुला? दाखव जरा लोकांना."

मोजायला तिने मला त्याच वर्षी शिकवलं होतं. तिच्या रांगेतल्या शेवटच्या दहाबाराजणांचं मी घ्यायचे. तिचं मात्र कधी घेतलं नव्हतं. मी नळ्या कानाला लावल्या आणि पारा एकशे साठपर्यंत चढवला. एवढा पुरतो. पट्टा आवळला की नस दबते, आवाज बंद होतो; मग हवा सोडत पारा खाली आणायचा आणि पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा. पण एकशे साठला आवाज बंद झालेलाच नव्हता. ठोके स्पष्ट येत होते, दारावर कुणी मुठीने मारावेत तसे. मी पुन्हा हवा भरली. एकशे ऐंशी. दोनशे. दोनशे वीस.

"काय ताई, फुगा फोडता की काय सिस्टरांचा?" गवंडी ओरडला. सगळे हसले.

मी हळूहळू हवा सोडली. पहिला ठोका एकशे शहाण्णववर आला. शेवटचा एकशे बारावर गेला.

मी वर पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती. नजरेत विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. लहानपणी पाढे म्हणून घेताना ती अशी बघायची, उत्तर तिला आधीच माहीत असल्यासारखी.

"काय आलं?" तिने विचारलं.

चाळीस माणसं, अर्ध्यांच्या बाह्या आधीच वर. मी नवशिकी, माझंच काही चुकलं असेल, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, ते नंतर आलं. त्या क्षणी मनात एवढंच होतं की या प्रश्नाचं उत्तर काय असतं ते मला पाठ आहे.

"एकशे वीस, ऐंशी," मी म्हणाले.

"सिस्टर, पास की नापास?"

"पास," आई म्हणाली आणि वही ओढून घेऊन तिने स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. मग अठ्ठावीस माणसांचं मोजलं, दोघांना शहरात पाठवायला चिठ्ठ्या दिल्या, एका गरोदर मुलीला पाय सुजतात का विचारलं, आणि मीठ कमी खा म्हणून एका म्हाताऱ्याला लाडिक दम दिला. घरी आल्यावर मी "आई" एवढंच म्हणाले, तर ती म्हणाली, "बस चुकेल तुझी." बस सुटायला वीस मिनिटं होती. मी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मावशीचा फोन आला. आई केंद्रात एका बाळाचं वजन घेत होती. डोकं दुखतंय म्हणाली. बाळाला तराजूतून उचलून तिने त्याच्या आईच्या हातात दिलं, वजन सांगितलं, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. मी पोचले तोवर संपलं होतं. योगायोगाने डॉक्टर त्याच दिवशी आले होते. मेंदूत रक्तस्राव, ते म्हणाले. मग खोलीतल्या सगळ्यांना उद्देशून त्यांनी विचारलं, "यांना बीपीचा त्रास होता का?"

"छे," मावशी म्हणाली. "दर आठवड्याला मोजायची. एकशे वीस, ऐंशी. गावाला विचारा."

"कालच मोजलं की," दारातून कुणीतरी म्हणालं. "हिनेच मोजलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या पायांवरची चादर सारखी करत होते. ती सारखी करत राहिले.

नऊ दिवसांनी केंद्रातली तिची कपाट-टेबलं रिकामी करताना मला त्या वह्या सापडल्या. चौदा वर्षांच्या, ओळीने लावलेल्या. मी जमिनीवर बसून मुद्रितं वाचावीत तशा वाचल्या. प्रत्येक आठवड्याची पहिली ओळ तिची. पहिली पाच वर्षं आकडे जिवंत माणसाचे असतात तसे होते: एकशे अठरा, एकशे चोवीस, एकशे एकोणीस, एकशे तीस. मग एका आठवड्यात एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी खाली पस्तीसऐवजी अकराच नावं होती. मला तो दिवस आठवला, म्हणजे आईने सांगितलेला आठवला. कुणीतरी म्हणालं होतं, "सिस्टरचंच वाढलं, मग आपलं कोण कमी करणार?" आणि माणसं बाह्या खाली करून निघून गेली होती.

पुढच्या आठवड्यापासून पहिली ओळ एकशे वीस, ऐंशी. त्याच्या पुढच्याही. नऊ वर्षं, एकही आठवडा न चुकता, एक अंकही न हलता. इतका सरळ आकडा खऱ्या अंगाचा नसतो. एवढं ओळखायला नर्स असावं लागत नाही. ज्याला चुका शोधायचे पैसे मिळतात त्याने पहिल्या पानावर ओळखायला हवं होतं. मी त्या वह्या त्याआधी कितीदा तिच्या हातातून घेतल्या होत्या, टेबलावर ठेवल्या होत्या.

शेवटच्या ओळीतला इंग्रजी आठ मोडलेला होता. वरचा गोल मिटलाच नव्हता.

कपाटाच्या तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिच्या नावाच्या गोळ्या होत्या, चार वर्षांपूर्वी शहरातल्या कुणा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. पहिल्या पट्टीतल्या तीन घेतलेल्या. बाकी सगळ्या जागच्या जागी. म्हणजे तिने सुरुवात केली होती. मग तिला तिची ती वाटणी आठवली असावी. आपण गोळी घेतली म्हणजे त्याचं काम आपण काढून घेतलं, असं काहीसं. गावभर जे खोडून काढण्यात तिने आयुष्य घालवलं, तेच तिने स्वतःपुरतं आत जपून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याची गोळी ओळंब्याला बांधली असती.

मी वह्या घेऊन प्रवचनकारांकडे गेले. प्रार्थनागृह तेच सांभाळतात. चांगले गृहस्थ आहेत, आईला खोली त्यांनीच उघडून दिली होती. त्यांनी चष्मा लावून पानं पाहिली, मी माझंही सांगितलं. त्यांनी वह्या मिटून माझ्याकडे सरकवल्या.

"तिने हे कुणासाठी केलं ते देवाला ठाऊक आहे," ते शेवटी म्हणाले. "लोकांना ती जशी हवी आहे तशी राहू दे ना, बाळ. झाकली मूठ."

मला सुटल्यासारखं झालं. हे कबूल करायला हवं. मी वह्या पिशवीत घातल्या आणि त्यांचे आभार मानले.

पुढच्या प्रार्थनेत त्यांनी आईवर प्रवचन केलं. मनापासून केलं, बायका रडल्या. देवाने तिचं शरीर नऊ वर्षं तसूभर ढळू दिलं नाही, ते म्हणाले, आणि काम संपल्यावर एका क्षणात उचलून नेलं. प्रार्थना संपल्यावर शहरातून आलेली नवी नर्स बाजूच्या खोलीत यंत्र मांडून बसली. वीसेक वर्षांची मुलगी, बोटांना अजून शाईचे डाग. कुणी आत गेलं नाही. लोक दारातून डोकावायचे, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि पुढे जायचे.

बाहेर गवंडी पायरीवर बसला होता. प्रथमच त्याचा आवाज लहान होता.

"ताई, गोळ्या सोडल्या मी," तो म्हणाला. "राग मानू नका. पण सिस्टरांचा आकडा नऊ वर्षं हलला नाही, आणि त्या अशा गेल्या. माझा तर कधी जाग्यावर नव्हताच. मग मी तरी कशाला गिळत बसू? ज्याचं त्याचं तो बघतो."

"समजावा ना याला," त्याची बायको म्हणाली. "माझं ऐकतो का? अर्ध्या गल्लीने सोडल्यात. शेजारच्या आजींनी तर केंद्राच्या खिडकीत आणून ठेवल्या, परत."

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. "गोळ्या घ्या, दादा," मी म्हणाले. "आईला बरं वाटेल."

"सिस्टरांना आता काय वाटायचंय," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर चुन्याने भेगाळलेला हात ठेवून उठला. मला दिलासा द्यायला.

सव्वीस दिवसांनी तो शाळेच्या भिंतीवर काम करता करता पडला. उंचावर नव्हता, जमिनीवरच होता. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. पाहायला गेले तेव्हा त्याच्या बायकोने काही न बोलता हत्यारांची पिशवी माझ्यापुढे केली. ओळंब्याच्या दोरीला डबी तशीच होती, भरलेली. भिंतीचा एक कोपरा मी येताना पाहिला होता. सरळ होता.

त्या आठवड्यात मी एकही मुद्रित नीट तपासू शकले नाही. छापखान्याच्या मालकांनी दोन चुका दाखवल्या आणि म्हणाले, "घरी जाऊन या." मी गेले. जाताना इस्त्रीच्या डागाचं ते आवरण आणि शेवटची वही बरोबर घेतली. मावशीला सगळं सांगितलं.

"मेलेल्या बहिणीला तू चव्हाट्यावर आणणार," ती म्हणाली.

"हो."

"तिने जन्मभर कमावलेलं एका दिवसात घालवणार."

"तिने जे कमावलं ते खिडकीत परत येतंय, मावशी."

मावशी उठून आत गेली. मी आवरणाला इस्त्री केली. डाग गेला नाही.

प्रार्थना संपल्यावर मी बाजूच्या खोलीत जाऊन आईच्या खुर्चीत बसले. ते पाहून लोक आपोआप आत आले, सवयच होती. गवंड्याला त्याच्या बायकोने आणि दोन भावांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं, भिंतीशी ठेवलं होतं. प्रवचनकार दारात थांबले. त्यांनी माझ्या मांडीवरची वही पाहिली आणि त्यांना कळलं. त्यांनी मान किंचित हलवली, नको अशी. मावशी सगळ्यांच्या मागे उभी होती, पदर तोंडावर धरून. आली होती.

मी बाही वर केली. नव्या नर्सने पट्टा बांधला.

"जे येईल तेच सांगा," मी तिला म्हणाले. "मोठ्याने."

तिने दोनदा मोजलं. "एकशे बेचाळीस," ती म्हणाली, आणि थांबली. "ब्याण्णव."

खोलीत कुजबुज झाली. मागच्या बाजूला एकाने बाही खाली केली, मला दिसलं.

"माझं वाढलंय," मी म्हणाले. "मी औषध घेणार आहे. आईचंही वाढलं होतं. नऊ वर्षं. तिने तुम्हाला सांगितलं नाही, कारण एकदा खरं सांगितलं तेव्हा तुम्ही उठून गेला होतात. ती घाबरली. तिच्याकडे गोळ्या होत्या, तिने घेतल्या नाहीत. माझं देव बघेल म्हणाली." मी वही उघडली. शेवटचं पान. पुढचं वाक्य तिथेच होतं आणि मला ते वाचता येईना. मोडलेल्या आठाकडे मी बघत राहिले. "त्या दिवशी," मी म्हणाले, "त्या दिवशी तिचं मी मोजलं होतं."

कुणी उठलं नाही.

तेवढ्यात भिंतीशी एक आवाज झाला. आधी कळलं नाही कुणाचा, इतका तो जाड, ओला आणि हळू होता. गवंड्याची बायको त्याच्या तोंडाशी वाकली, पण तो तिला डाव्या हाताने बाजूला सारत होता. त्याला माझ्याशीच बोलायचं होतं. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, मानेची शीर ताठ झाली, आणि एकेक शब्द त्याने विटेसारखा उचलून ठेवला.

"सि... स्टर. पास. की. ना... पास?"

तो चेष्टा करत नव्हता. तो विचारत होता.

"नापास, दादा," मी म्हणाले. "एकशे शहाण्णव, एकशे बारा. मी ऐकलं होतं. मी तिला सांगितलं नाही."